लॅपटॉपच्या आधी भिंतीकडे बघा

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, लॅपटॉपबरोबर घ्यायच्या वस्तूंची दुकानातली यादी तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलीत, ती नीट वाचली. स्क्रीन गार्ड, कीबोर्ड गार्ड, झाकणावरची स्किन, कूलिंग पॅड, सफाईचं किट, कॅमेऱ्याचं सरकतं झाकण आणि वर्षभराचा अँटिव्हायरस. यातलं काहीही आत्ता घेऊ नका. लॅपटॉपला चिकटवायच्या वस्तूंनी त्याचं फारसं रक्षण होत नाही. त्याला जपतात त्या हातभर लांबच्या गोष्टी: भिंतीतला प्लग, खालचं टेबल, कपाटातली हार्ड डिस्क. पैसे तिथे घालू या.

सुरुवात प्लगपासून. चार्जरच्या तीन पिनांपैकी वरची जाड आणि लांब पिन अर्थिंगची. हॉलमधल्या जुन्या बोर्डावर सॉकेट दोन पिनांचं आहे म्हणून मध्ये टू-पिन कनव्हर्टर लावला, तर तेवढ्याने अर्थिंग तुटतं. मग चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या पत्र्यावर मनगट टेकलं की मुंग्या आल्यासारखी बारीक झिणझिण लागते. चार्जरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून अगदी थोडा करंट झिरपत असतो. त्याला जमिनीत जायला वाट नसली की तो पत्र्यापर्यंत पोचतो. अशी झिणझिण लागली तर लॅपटॉप बिघडला असं समजू नका, आधी सॉकेट तपासा.

वायरमनला बोलावून मीटरने तीन रीडिंग घ्यायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये ५ व्होल्टच्या आत. दुसरं रीडिंग भलतंच कमी आलं किंवा तिसरं बरंच जास्त आलं तर अर्थिंग कामाचं नाही. चिपळूणला जमीन जांभ्याची, तिच्यात पाणी टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा पडतो आणि वायर जोडलेली असूनही करंटला वाट मिळत नाही. त्या दोन महिन्यांत आठवड्यातून एकदा खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा. खड्डा फार जुना असेल तर मीठ-कोळसा घालून तो पुन्हा भरून घ्यावा लागेल.

अर्थिंग ठीक निघालं की मगच स्पाइक गार्ड, म्हणजे व्होल्टेजच्या उसळीपासून वाचवणारा बोर्ड, कारण अर्थिंगशिवाय त्याचं काम अर्धंमुर्धंच होतं. स्विच आणि फ्यूज असलेला साधा एक्स्टेंशन बोर्डसुद्धा दुकानात स्पाइक गार्ड म्हणून खपवतात. खऱ्या गार्डच्या खोक्यावर सर्ज प्रोटेक्शन किती ज्यूल ते छापलेलं असतं आणि अंगावर प्रोटेक्शनचा वेगळा दिवा असतो. आत एक बटणाएवढी चकती असते. व्होल्टेज एकदम उसळलं की ती जादा वीज स्वतःवर घेते आणि दर वेळी थोडी झिजते. ती संपली की प्रोटेक्शनचा दिवा विझतो, पण सॉकेट चालूच राहतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. महिन्यातून एकदा तो दिवा बघायचा, आणि विझला असेल तर गार्ड बदलायचा. स्टॅबिलायझर मात्र नको. चार्जरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट छापलंय, कमीजास्त व्होल्टेज तो स्वतःच सांभाळतो.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात, पहिला गडगडाट ऐकू आला की चार्जर भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जवळपास वीज पडली तर कुठलाही गार्ड पुरा पडत नाही. राउटरचा अडॅप्टरही काढा. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहू द्या.

राउटरवरून आठवलं. लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो, पण राउटर बंद पडतो आणि आई, तुझा भजनाचा ऑनलाइन वर्ग मध्येच तुटतो. त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचं लेबल वाचा. बहुतेक १२ व्होल्ट आणि १ किंवा २ अँपिअर असेल. यूपीएसचे व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. लेबलचा फोटो मला पाठवा, मी बघून सांगते.

आता डोळे आणि मान, कारण खरी किंमत तिथे मोजावी लागते. लॅपटॉपची स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, त्यामुळे हात सुखात ठेवले तर मान खाली जाते आणि मान सरळ ठेवली तर खांदे वर चढतात. म्हणून स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि माउस हे तिन्ही एकत्रच घ्यायचे. नुसता स्टँड घेऊन उंचावलेल्या कीबोर्डवर टाइप केलं तर मनगटं दुखतील.

स्टँड उंची बदलणारा हवा, कारण तुम्हा दोघांना वेगवेगळी उंची लागणार. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी, हा नियम आई, तुला लागू. बाबांना नाही. बाबा, तुमचा चष्मा बायफोकल आहे, जवळचं बघायची काच खाली. स्क्रीन उंच ठेवली तर अक्षरं त्या खालच्या काचेत आणायला तुम्ही हनुवटी वर कराल आणि तासाभरात मानेची मागची बाजू भरून येईल. तुमच्यासाठी स्टँड सगळ्यात खालच्या खाचेत, आणि स्क्रीन जरा मागे झुकवलेली. याहून चांगलं म्हणजे फक्त लॅपटॉपसाठी वेगळा चष्मा. पुस्तक आपण ३५ ते ४० सेंटिमीटरवर धरतो, स्क्रीन असते ६० च्या आसपास, म्हणून वाचायचा नंबर तिथे जुळत नाही. नेहमीसारखे बसा, आईला टेपने डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर मोजायला सांगा आणि तोच आकडा डोळ्यांच्या डॉक्टरांना द्या.

दुकानात स्टँड बघताना त्यावर एखादा लॅपटॉप ठेवायला सांगा आणि झाकणाची वरची कड बोटाने हलवून बघा. डुगडुगला तर नको. घडीच्या पातळ पायांचे स्टँड प्रवासाला बरे, रोजच्या टेबलावर भक्कम पत्र्याचा आणि रबराच्या बुटांचा हवा. टेबल उंच वाटलं तर खुर्चीवर उशी घ्या आणि पायाखाली पाट ठेवा. कोपर काटकोनात आणि पाऊल पूर्ण टेकलेलं, एवढं जमलं की झालं.

कीबोर्ड आणि माउस एकाच रिसीव्हरवर चालणारे, जोडीने मिळतात तसे घ्या, म्हणजे यूएसबीचं एकच भोक अडकतं आणि दुसरं पेन ड्राइव्हला मोकळं राहतं. माउस तळव्यात भरेल असा, लहान प्रवासी माउस नको. काचेच्या टेबलावर तो अडखळतो, खाली पॅड लागतो. गावाला जाताना सेल काढून ठेवा. संपलेले सेल आत तसेच राहिले तर पाझरतात आणि पत्र्या हिरव्या पडतात.

बाबा, देवस्थानची इतिवृत्तं तुम्हाला मराठीत टाइप करायची आहेत, त्यासाठी नव्या कीबोर्डवर देवनागरी स्टिकर लावा. लॅपटॉपच्या स्वतःच्या कीबोर्डवर नाही. स्टिकर इन्स्क्रिप्टचे आहेत ना हे विचारून घ्या, कारण विंडोजच्या साध्या मराठी कीबोर्डची मांडणी तीच असते. जुन्या टाइपरायटरचे स्टिकर आले तर दाबाल एक आणि उमटेल दुसरंच. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या. क आणि ख एकाच बटणावर, ख साठी शिफ्ट. प-फ, त-थ, च-छ यांचंही तसंच. ल च्या बटणावर शिफ्ट धरलं की ळ. इंग्रजीतून मराठीत यायला विंडोजचं बटण धरून स्पेस बार दाबायचा. आई, तुला स्टिकर नको वाटले तर फोनसारखं इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सोय विंडोजमध्ये आहे, त्याचं नाव मराठी फोनेटिक.

आता यादीतल्या वस्तू का नकोत ते. लॅपटॉप मिटल्यावर स्क्रीन आणि बटणं यांच्यात जेमतेम कागदाएवढी फट राहते. तिथे रबरी कीबोर्ड गार्ड ठेवून मिटलं की दाब स्क्रीनवर येतो, बटणांच्या चौकटी तिच्यावर उमटतात आणि काही लॅपटॉपमध्ये कीबोर्डमधून जाणारी हवाही अडते. कॅमेऱ्याच्या सरकत्या झाकणाचं तसंच. ते लावून लॅपटॉप मिटू नका, स्क्रीनला तडा जाऊ शकतो, असा इशारा अ‍ॅपलने २०२० मध्येच आपल्या ग्राहकांना दिला होता. कॅमेरा झाकायचाच असेल तर वहीच्या कागदाचा तुकडा पुरे, तोही मिटताना काढायचा. अँटिव्हायरस विंडोजमध्ये आधीच असतो. कूलिंग पॅडची गरज गादीवर लॅपटॉप ठेवणाऱ्यांना वाटते. गोधडीत तळाची जाळी बुजते, एवढंच त्याचं कारण. टेबलावर ठेवा, पलंगावर बसायचं तर खाली पाट घ्या. आई, तुझा क्रोशाचा रुमाल लॅपटॉपवर छानच दिसेल, पण लॅपटॉप पूर्ण बंद केल्यावरच घाल. नुसतं झाकण मिटलं तर आत लॅपटॉप कधी जागाच असतो आणि गरम होतो.

सफाईला चष्म्याचं मऊ फडकं आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. पाणी फडक्यावर, स्क्रीनवर कधीच नाही. काचा पुसायचा स्प्रे आणि सॅनिटायझर स्क्रीनला लावू नका, वरचा लेप निघतो. चहा सांडलाच तर आधी प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून बंद करा आणि उघडा लॅपटॉप तंबूसारखा पालथा ठेवून मला फोन करा. सुकला असेल असं वाटून चालू करून बघू नका, जळतो तो त्याच वेळी.

पावसाळ्यात लॅपटॉप कपाटात बंद ठेवण्यापेक्षा रोज तासभर चालवलेला बरा. आतली ऊबच दमटपणा घालवते. गावाला जाताना बॅटरी साधारण ६० टक्के ठेवून बॅगेत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका, रंग बदलणाऱ्या. रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करू नका, कागद जळेल, उन्हात सुकवा किंवा नव्या आणा. बॅग घेताना स्क्रीनचे १५.६ इंच सांगून चालत नाही, ते कर्णाचं माप. पट्टीने लॅपटॉपची लांबी, रुंदी आणि जाडी मोजून न्या. चार्जर बॅगेच्या वेगळ्या कप्प्यात, झाकणावर दाबला जाईल असा नको. त्याची वायर डब्याभोवती करकचून गुंडाळू नका, मोठे सैल वेढे घाला. मानेपाशी ती आतून तुटते आणि बाहेरून कळत नाही.

राहिली एक टीबीची हार्ड डिस्क. लग्नाचे फोटो, सातबारा, देवस्थानचे कागद दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिच्यावर उतरवा. चालू असताना ती उचलू नका, आत चकती फिरत असते. आधी स्क्रीनवर इजेक्ट करायचं, मग वायर काढायची. आणि ती तळमजल्याच्या लाकडी कपाटात ठेवू नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात कुठवर चढलं होतं ते तुम्हाला माहीत आहे. माळ्यावर, झाकणाच्या डब्यात. दुसरी तशीच डिस्क मी आणते, ती भरून माझ्याकडे पुण्याला राहील.

तर आत्ता फक्त वायरमन. त्याने सांगितलेले तीन आकडे, राउटरच्या लेबलचा फोटो, आणि बाबांच्या डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर एवढं कळवा. स्टँड, कीबोर्डची जोडी आणि स्पाइक गार्ड मी गणपतीला येताना घेऊन येईन. तोवर चार्जर स्वयंपाकघरातल्या तीन पिनांच्या सॉकेटला लावा, ओट्यापासून लांबच्या.

तुमची लेक