सुन्याला, पाणी उतरत असताना

प्रिय सुन्या,

पाडव्यापासून लिहीन लिहीन म्हणत राहिलो. बीपीची गोळी चालू आहे, आईचा गुडघा तसाच.

परवा रात्री आपल्या सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्यानं चाळीस फूट ओलांडले. कोयनेचे दरवाजे उचललेले, चांदोलीतून वारणेत विसर्ग. हरिपुराला वारणा फुगली की आपलं पाणी कसं तुंबतं, ते तुला काय सांगायचं! (कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं पूर येतो, हे आता काढू नकोस. पुराचा अभ्यास केलेल्या वडनेरे समितीनं काय लिहिलंय ते तुला दोनदा वाचून दाखवलंय. नाल्यात घरं कुणी बांधली?) दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट रिकामे होत होते. पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ ला सत्तावन्न बघितलेले आपण. दिवसभर मी मोबाइलवर आकडे बघत पिसाळल्यासारखा फिरत होतो. गहू माळ्यावर, फ्रीज टेबलावर, कागदपत्रं पिशवीत. पोरांना मिरजेला मेव्हण्याकडे धाडलं. गेल्या खेपेला तू टीव्ही वाचवलास आणि रिमोट बुडवलास, म्हणून रिमोट आधी खिशात घातला.

मग उचलायला काही उरलं नाही. जिन्यात बसलो, आणि लका, एकदम गार वाटलं. भीती नाही, हिशेब नाही. चक्क भूक लागली. पोहे मागितले तर ही म्हणाली, "तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

तेच डोक्यातून जात नाही. ही शांती म्हणायची का कोडगेपणा? २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळची नाव उलटून माणसं बुडाल्याचं कळलं त्या रात्री गच्चीवर तूही असाच गप्प होतास. मी तुला दगड म्हणालो, त्यावरून आपण महिनाभर बोललो नाही.

आईचं निराळंच. "वाडीला दक्षिणद्वार झालं असंल, मला न्या." तेच पाणी तिथं नरसोबाच्या वाडीला, दत्ताच्या देवळात, पादुकांवरून जाऊन दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं आणि माणसं त्यात उतरून आंघोळ करतात. कॉलेजात आपण याची किती टिंगल केली! पण पाणी आणखी चढलं की पुजारी उत्सवमूर्ती वर नेतातच की. दत्तगुरू बघून घेतील म्हणून कुणी ती पाण्यात ठेवत नाही. उचलायचं ते उचलून झाल्यावरचं स्वस्थपण मला पटतं. फक्त एक खुपतं, मला माळा आहे. सूर्यवंशी प्लॉटातली आपली दूधवाली मावशी म्हशी घेऊन रस्त्यावर उभी होती. तिला विचारायची माझी छाती झाली नाही.

आता उतरतंय. चिखल काढायची पाळी आली नाही एवढंच.

बदलीचं काय झालं? पोरीला कुठल्या शाखेला घातलीस? वहिनींना नमस्कार.

आणि त्या रात्री गच्चीवर तुला आतून काय वाटत होतं, ते लिही. फोन नको, फोनवर तू नुसता हसतोस.

तुझा,
बाळ्या