वजनकाट्याबरोबर टेपही हवी

एचआयव्हीच्या औषधांवरील आपला लेख वाचला. ‘वजन वाढले म्हणजे औषध लागू पडले’ हे त्यातील विधान स्त्रियांबाबत अपुरे आहे. पूर्वी स्टॅव्हुडिन या एचआयव्हीवरील औषधाने गाल बसत, हातापायांच्या शिरा उठून दिसत; जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने थांबवण्यास सांगितले. आताचे डोल्युटेग्राविर हे औषध प्रभावी आहे, पण दक्षिण आफ्रिकेतील २०१९ च्या चाचणीत त्यावर स्त्रियांचे वजन पुरुषांपेक्षा जास्त वाढले. हडपसरची माझी मैत्रीण तिसऱ्यांदा ब्लाउजची शिवण उसवते आहे आणि विचारते, “गोळी सोडू का गं?” गोळी मुळीच सोडायची नाही. मात्र पुण्यातील उपचार केंद्रांनी दर भेटीत कमरेचा घेर मोजावा, साखर आणि रक्तदाबही तपासावा.

— एक वाचक, येरवडा, पुणे