दारातले राखीव पार्किंग शिफारशीने नको, मोजमापाने द्या : बेळगाव महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
बेळगाव महानगरपालिका, बेळगाव

प्रत : मा. पोलीस आयुक्त, बेळगाव शहर (रहदारी विभागासाठी)

विषय : निवासी गल्ल्यांमध्ये दिव्यांगांसाठी राखीव पार्किंग कधी व कसे द्यावे, याचा लेखी निकष ठरवण्याबाबत

महोदय,

हे पत्र शहापूर, वडगाव, अनगोळ आणि टिळकवाडी भागातले आम्ही काही दिव्यांग वाहनधारक, फिजिओथेरपिस्ट आणि रस्त्यांची कामे करणारे अभियंते मिळून लिहीत आहोत. मागणी एकच आहे. घरासमोरच्या रस्त्यावर राखीव जागा कोणाला मिळेल आणि कोणाला मिळणार नाही, हे महापालिकेने कागदावर ठरवावे आणि तो कागद ५८ही वॉर्डांत सारखाच लागू करावा.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या ४१ व्या कलमात बसथांबे, रेल्वे स्थानके आणि विमानतळांवरच्या पार्किंगचा उल्लेख आहे. दिव्यांगांना वापरता येतील असे रस्ते देण्याची जबाबदारीही त्याच कलमाने सरकारवर टाकली आहे. पण माणूस सर्वाधिक वेळा गाडीत चढतो-उतरतो तो स्वतःच्या दारात, आणि त्या दारातली जागा कोणत्या कसोटीवर राखायची हे स्थानिक प्रशासनालाच ठरवावे लागते. ती कसोटी नसली की नगरसेवकाचे पत्र किंवा गल्लीतल्या पंचांचा शब्द कामी येतो. ज्याच्यामागे कोणी उभे नाही त्याचा अर्ज फायलीतच राहतो.

पहिला प्रश्न पात्रतेचा. यूडीआयडी कार्डावरचा (केंद्र सरकारच्या दिव्यांग ओळखपत्रावरचा) टक्का पाहून जागा देणे सोपे वाटते, पण ते चूक आहे. टक्का अपंगत्वाचा असतो, चालण्याचा नसतो. पूर्ण कर्णबधिर माणसाच्या कार्डावर मोठा टक्का असेल, तरी तो गल्लीच्या टोकापासून सहज चालत येतो. उलट दोन्ही गुडघे आणि खुबा निकामी झालेल्या माणसाचा टक्का कमी भरू शकतो, पण त्याला पन्नास मीटर चालणे जमत नाही. शिवाय कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि स्नायूंचा क्षय आहे, पण फुप्फुसाचा जुनाट आजार किंवा अशक्त हृदय नाही. ऑक्सिजनच्या नळीवर असलेल्या रुग्णाकडे यूडीआयडी कार्ड नसते, आणि दारात उतरण्याची सर्वाधिक गरज त्यालाच असते.

म्हणून कसोटी चालण्याचीच असावी. सपाट जागेवर, दुसऱ्या माणसाच्या आधाराशिवाय, न थांबता पन्नास मीटर जाता येते का? येत नसेल, किंवा अर्जदार व्हीलचेअर वापरत असेल, तर तो पात्र. काठी किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्याची चाचणी त्या साधनासह घ्यावी, पण अंतराबरोबर वेळही नोंदवावा, कारण पन्नास मीटरला पाच मिनिटे लागत असतील तर ते चालणे कामाचे नाही. वाहनांच्या मध्ये अचानक धावत सुटणाऱ्या स्वमग्न किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी वेगळे कलम हवे, कारण त्यांचे पाय ठीक असतात आणि धोका वेगळा असतो. प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी किंवा फिजिओथेरपिस्टने द्यावे. पाय मोडला आहे किंवा अर्धांगवायूनंतर सुधारणा सुरू आहे अशांना सहा महिन्यांचे कार्ड द्यावे, पण त्यांच्यासाठी रस्त्यावर रंग मारू नये.

दुसरा प्रश्न रस्त्याचा, आणि तो बहुतेक ठिकाणी विचारलाच जात नाही. पात्र माणसाच्या दारात जागा आपोआप मोकळी मिळत असेल तर पट्टे मारून काही साधत नाही. वाड्याला किंवा बंगल्याला स्वतःची गाडी लावण्याजोगे आवार असेल तरीही नाही. बाकीच्या घरांसाठी मोजणी करावी : सकाळी सात, दुपारी एक आणि रात्री नऊ, एकदा कामाच्या दिवशी आणि एकदा रविवारी. बाजारपेठेला लागून असलेल्या गल्ल्यांत शनिवारच्या बाजारादिवशीही. घराच्या दारापासून तीस मीटरच्या आत गाडी लावायला जागा आहे का, एवढेच टिपायचे. निम्म्याहून जास्त वेळा जागा नसेल तर राखीव जागेची गरज सिद्ध झाली. मोजणीला अभियंता लागत नाही. राज्याच्या दिव्यांग सबलीकरण खात्याचे नगर पुनर्वसन कार्यकर्ते अर्जदारांच्या घरी जातातच, त्यांच्या हाती एक छापील तक्ता दिला की काम होते.

मग रुंदी. अग्निशामक बंब जाण्यासाठी साडेतीन मीटर रस्ता मोकळा राहिला पाहिजे आणि उभी गाडी दोन मीटर घेते. म्हणजे प्रत्यक्ष वापरता येणारी रुंदी साडेपाच मीटरपेक्षा कमी असेल, तर त्या गल्लीत जागा देता येणार नाही आणि तसे अर्जदाराला स्पष्ट सांगावे. इथे नकाशावरची रुंदी चालत नाही. जुन्या शहरात आणि शहापुरात पायऱ्या, कट्टे, गटारावरच्या फरशा आणि विजेचे खांब रस्त्यात आलेले असतात, म्हणून टेप त्यांच्यापासून लावावी. अशा अरुंद गल्ल्यांसाठी दोन पर्याय आहेत : गल्लीच्या तोंडाजवळच्या रुंद रस्त्यावर जागा, किंवा दारासमोर सहा मीटरचा ‘फक्त चढ-उतार’ पट्टा, जिथे गाडी पाच-दहा मिनिटे थांबेल पण उभी राहणार नाही. दुसरा पर्याय रिक्षाने ये-जा करणाऱ्यांनाही उपयोगी पडतो.

जागेच्या आखणीबद्दल सविस्तर लिहितो, कारण खरे नुकसान इथेच होते. भारतीय मार्गदर्शक तत्त्वांत दिव्यांगांच्या मोटारीसाठी ३.६ मीटर रुंद व ५ मीटर लांब जागा सांगितली आहे. त्यात १.२ मीटरचा तिरक्या पट्ट्यांचा भाग व्हीलचेअर दरवाजाला लावण्यासाठी असतो. हे माप रस्त्याला काटकोनात, म्हणजे आडव्या लावलेल्या गाडीचे आहे. आपल्या गल्ल्यांत गाडी रस्त्याला समांतर लागते, तिथे रुंदी वाढवता येत नाही. तिथे लांबी वाढवावी : साडेसहा मीटर. गाडीमागे उरलेल्या दीड मीटरात डिकीतून व्हीलचेअर काढून उघडता येते.

समांतर जागेत आणखी एक गोष्ट निर्णायक ठरते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. डाव्या कडेला गाडी लावली की दिव्यांग चालक वाहत्या रहदारीत उतरतो आणि शेजारी बसलेला दिव्यांग प्रवासी घराच्या बाजूला. म्हणून अर्जात ‘गाडी स्वतः चालवता की प्रवासी म्हणून बसता?’ हा प्रश्न हवाच. रस्ता एकेरी असेल आणि अर्जदार स्वतः चालवत असेल तर जागा उजव्या कडेला द्यावी. यासाठी वेगळा खर्च नाही, फक्त आधी विचारायला हवे.

मोटारीइतकाच, किंबहुना जास्त विचार बाजूला चाके लावलेल्या स्कूटरचा करावा. निम्न व मध्यम उत्पन्नाच्या घरांत हेच वाहन परवडते, आणि फक्त मोटारीच्या मापाचा नियम केला तर ही माणसे नियमाबाहेर राहतील. अशी स्कूटर साध्या दुचाकीच्या दुप्पट तरी रुंद होते आणि उतरायला एका बाजूस १.२ मीटर लागतात, म्हणून जागा २.४ मीटर रुंद व २.५ मीटर लांब धरावी. यांतल्या बऱ्याच स्कूटरना रिव्हर्स गिअर नसतो. स्वार पाय टेकून गाडी मागे ढकलू शकत नाही, म्हणून जागेत एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने सरळ बाहेर पडता आले पाहिजे. पुढच्या टोकाला कोणी दुचाकी लावली की स्वार आतच अडकतो. तिथे ‘इथे वाहन लावू नये’ असे पट्टे हवेत.

जमिनीचा उतार कोणत्याही दिशेला पन्नासास एकपेक्षा जास्त नको. त्याहून जास्त असला की व्हीलचेअर ब्रेक लावण्याआधी घरंगळू शकते. गटारावरच्या फरशीतली फट १२ मिलिमीटरच्या आत असावी, आणि जाळी असेल तर तिचे गज चाकाच्या दिशेला आडवे असावेत, नाहीतर पुढची लहान चाके त्यात रुततात. फुटपाथ १५० मिलिमीटर उंच असेल तर बारास एक उताराने रॅम्प १.८ मीटर लांब होतो. तेवढी जागा आधी पाहून घ्यावी. अर्ध्या लांबीत कोंबलेला रॅम्प पावसाळ्यात शेवाळला की अपघात ठरलेला.

पट्टे साध्या रंगाने मारू नयेत. बेळगावच्या एका पावसाळ्यात ते जातात. गरम थर्मोप्लास्टिक, २.५ मिलिमीटर जाडीचे, वर काचमण्यांसह, पूर्ण कोरड्या रस्त्यावर टाकावे. काम दिवाळीनंतर काढावे. काँक्रीटच्या रस्त्यावर आधी प्रायमर नसेल तर पापुद्रे सुटतात. पेव्हर ब्लॉकवर थर्मोप्लास्टिक टाकूच नये, सांध्यांवर ते तडकते, तिथे निळे-पांढरे ब्लॉकच बसवावेत. पाटीवर व्हीलचेअरचे निळे-पांढरे चिन्ह मोठे असावे. ते कोणत्याही भाषेच्या माणसाला कळते. मजकूर कन्नडबरोबर मराठीतही असावा, आणि अर्जाचा नमुनाही दोन्ही भाषांत मिळावा. वडगाव-अनगोळातल्या वयस्कर अर्जदारांना स्वतःचा अर्ज स्वतः वाचता येणे, ही गरजेची गोष्ट आहे.

आता कायदेशीर बाजू. पट्टे आणि पाटी एवढ्याने जागा राखीव होत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११७ खाली, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून, अधिकृत प्राधिकरण पार्किंगची जागा ठरवते. पाट्या कलम ११६ खाली लागतात. अशी अधिसूचना नसेल तर वाहन उचलणे किंवा कलम १७७ खाली दंड करणे पुढे टिकत नाही, आणि पोलीसही हात आखडता घेतात. म्हणून महापालिकेची मंजुरी आणि पोलिसांची अधिसूचना एकाच फायलीत व्हावी. कॅम्पचा भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या अखत्यारीत येतो, तिथे हाच निकष लागू व्हावा यासाठी आपण बोर्डाला लिहावे.

राखीव जागा माणसाच्या नावाची नसावी, याबद्दल आमच्यातही बरीच चर्चा झाली. दारातली जागा दुसऱ्याने घेतली तर अर्जदाराने काय करायचे, हा प्रश्न खरा आहे. तरीही गाडीचा नंबर पाटीवर लिहू नये असेच आम्ही म्हणतो. नंबर लिहिला की गल्ली त्या जागेला खासगी मालमत्ता समजते, अर्जदार घर सोडून गेल्यावरही ती तशीच राहते आणि शेजारी वैर धरतात. इंग्लंडमध्ये ‘ब्लू बॅज’धारकाच्या (दिव्यांगांसाठीचे पार्किंग कार्ड असलेल्याच्या) घराजवळ पालिकेने आखलेली जागाही सर्वसाधारणपणे कोणत्याही बॅजधारकाला वापरता येते. एकाच गल्लीत दोन पात्र अर्जदार निघाले तर दुसरी जागा आखावी, भांडण लावू नये.

त्यासाठी महापालिकेचे वेगळे पार्किंग कार्ड हवे. यूडीआयडी कार्डावर माणसाची वैद्यकीय माहिती असते, ते काचेमागे ठेवायला लावणे बरे नव्हे. पार्किंग कार्डावर फक्त क्रमांक, मुदत आणि पडताळणीचा क्यूआर कोड असावा. कार्ड वाहनाला नव्हे, माणसाला द्यावे, कारण वृद्ध आई कधी मुलाच्या गाडीत असते, कधी भाच्याच्या. तिच्याशिवाय ते कार्ड लावून गाडी उभी केली तर पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा सहा महिन्यांसाठी कार्ड रद्द.

हरकती येणारच. अर्जानंतर गल्लीत नोटीस लावून पंधरा दिवस द्यावेत आणि पंचमंडळींनाही प्रत द्यावी. त्यांच्याशी आधी बोलले की निम्मा विरोध तिथेच संपतो. ऐकून घ्याव्यात अशा हरकती : कोणाचे फाटक अडते, बंबाचा मार्ग अडतो, वळणावर समोरचे दिसत नाही. ‘आमच्या पाहुण्यांची गाडी कुठे लावायची?’ किंवा ‘दुकानासमोर ती पाटी बरी दिसत नाही’ या हरकती फेटाळाव्यात आणि कारण लेखी कळवावे.

जागा मिळाल्यावर ती हळूहळू कशी जाते, तेही ठाऊक असावे. बांधकामाची वाळू आणि खडी त्यावर पडते. जलवाहिनीसाठी रस्ता खोदला जातो आणि बुजवताना पट्टे परत येत नाहीत. गणेशोत्सवात मंडप त्यावर उभा राहतो. यावर उपाय परवानगीच्या कागदातच आहे. मंडपाला परवानगी देताना तेवढ्या दिवसांसाठी तीस मीटरच्या आत पर्यायी जागा मंडळाने दाखवावी अशी अट घालावी. मंडळे ती पाळतील, गल्लीतली माणसे त्यांचीच आहेत. खोदाईच्या निविदेत ‘राखीव पार्किंगची आखणी पूर्ववत करणे’ हे स्वतंत्र कलम असावे आणि त्याविना अंतिम बिल निघू नये.

मुदतीही ठरवाव्यात : अर्ज आल्यापासून सात दिवसांत पाहणी, एकवीस दिवसांत मोजणी, त्यानंतर हरकती, आणि पावसाळा सोडून मंजुरीपासून तीस दिवसांत आखणी. दर दोन वर्षांनी प्रत्येक जागेची फेरतपासणी व्हावी आणि वापर नसलेली जागा गल्लीला परत द्यावी. नकार मिळाल्यास दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ८० प्रमाणे राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, आणि त्यांनी शिफारस केली की संबंधित प्राधिकरणाने केलेली कार्यवाही तीन महिन्यांत त्यांना कळवायची असते. दिव्यांग आयुक्तांच्या कार्यालयाचा पत्ता अर्जाच्या पाठीमागेच छापावा.

सुरुवात शहापूर आणि टिळकवाडीतल्या एकेका वॉर्डातून करावी असे आम्ही सुचवतो. एकीकडे अरुंद जुन्या गल्ल्या आहेत, दुसरीकडे रुंद रस्ते आणि बंगले, त्यामुळे निकषाच्या दोन्ही कडा तपासल्या जातील. अर्जाचा नमुना, मोजणीचा तक्ता आणि तीन प्रकारच्या जागांचे मापांसह आराखडे आम्ही विनामोबदला तयार करून देऊ. दिवाळीनंतर आखणी सुरू व्हायची असेल, तर निकषाचा ठराव महापालिकेच्या सभेपुढे पावसाळा संपण्याआधी यायला हवा.

आपले विश्वासू,
बेळगाव शहरातील दिव्यांग वाहनधारक, फिजिओथेरपिस्ट आणि अभियंते