प्लेटवर प्लाक का उठले नाहीत

ठाणे

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्लेटचा फोटो मोठा करून पाहिला. प्लाक, म्हणजे फेजने जिवाणू मारून पाडलेला स्वच्छ ठिपका, एकही नाही हे खरं, पण दोष फेजला (जिवाणूंत वाढणाऱ्या विषाणूला) देऊ नकोस, आधी लॉन, म्हणजे प्लेटभर वाढलेला जिवाणूंचा थर, बघ. मधे विरळ आणि कडेला साबुदाण्यासारखे दाणे आहेत. विषाणू एकटा वाढत नाही, वाढत्या जिवाणूच्या पोटातच वाढतो. ई. कोलाय या जिवाणूचं लॉनच असं असेल तर त्यावर फेज दिसणार कसा?

दाणे पडतात ते सॉफ्ट अगर (जिवाणू मिसळून प्लेटवर ओततो ती पातळ जेली) नळीतच गोठू लागल्यामुळे. विरळ पट्टे बहुधा अगर फार गरम असताना जिवाणू घातल्याने पडतात, कारण ५० अंशांच्या वर ते मरायला लागतात. वॉटर बाथ ४५ ते ४७ अंशांवर ठेव आणि आकड्यावर विसंबू नकोस, थर्मामीटर बुडवून बघ. अगर ०.६ ते ०.७ टक्के, एका नळीत ३ ते ४ मिलि.

कल्चरचं (वाढवलेल्या जिवाणूंचं) म्हणशील तर रात्रभराचं चालतं, पण त्यातून थोडं ताज्या ब्रॉथमध्ये (पोषक द्रवात) घालून ३७ अंशांवर हलवत ठेव आणि ६०० नॅनोमीटरला ओडी (द्रवाच्या गढूळपणाचं माप) ०.४ च्या आसपास आली की काढ. पेशी जोमात हव्यात. एका पेशीतून टी४ या फेजचे शंभराहून जास्त विषाणू साधारण अर्ध्या तासात बाहेर पडतात, ते शेजारच्या पेशींत शिरतात, म्हणून प्लाक रुंदावत जातो. लॉनची वाढ थांबली की बहुतेक फेजचा प्लाकही तिथेच थांबतो. जिवाणू जास्त घातलेस तर लॉन लवकर दाट होतं आणि प्लाक टाचणीच्या टोकाएवढेच राहतात. तुझ्या दाणेदार प्लेटवर ते असले तरी दिसले नसते.

०.१ मिलि पातळ केलेला फेज आणि ०.२ मिलि कल्चर एकत्र करून दहा मिनिटं तसंच ठेव, म्हणजे फेज पेशींना चिकटतील. बऱ्याच फेजना त्यासाठी कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम लागतं, म्हणून ब्रॉथमध्ये १ ते ५ मिलिमोलर घाल. मग हे अगरच्या नळीत ओत, हलक्या हाताने फिरव (बुडबुडे आले तर ते प्लाकसारखेच दिसतात), आणि लगेच प्लेटवर ओतून प्लेट गोल फिरव. गोठल्यावरच उलटी कर.

पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी ओली असते की झाकणावर पाणी जमतं. ते थेंब पडले की प्लाक एकमेकांत वाहतात. म्हणून प्लेट लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात) झाकण किंचित सरकवून पंधरा-वीस मिनिटं वाळवून घे, पण थंड प्लेटवर ओतू नकोस, आधी ३७ अंशांवर आण.

दोन कंट्रोल (तुलनेसाठीच्या) प्लेट हव्यातच: एक नुसत्या जिवाणूंची, एक नुसत्या फेजची. प्लेट पूर्ण स्वच्छ दिसली तर फेजने सगळं खाल्लं की जिवाणू आधीच मेले होते, हे जिवाणूंच्या प्लेटवरूनच कळतं. मोजायला ३० ते ३०० प्लाक असलेली प्लेट घे. १० लाख पट पातळ केलेल्या ०.१ मिलिमधून ८४ प्लाक आले तर मूळ नमुन्यात दर मिलिला ८४ कोटी.

नमुना वाशीच्या खाडीतून आणणार असशील तर भरतीचं पाणी नको, सांडपाणी त्यात पातळ होतं. ओहोटीला नाल्याच्या तोंडाशी घे, हातमोजे घालून, एकटी जाऊ नकोस. आधी सेंट्रिफ्यूज कर, मग ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळ. थेट गाळायला गेलीस तर फिल्टर काही थेंबांतच तुंबतो.

फेजचं काम कल्चरच्या टेबलापासून लांब कर, पिपेटच्या टिप फिल्टरच्याच वापर. नुसत्या अल्कोहोलने फेज हमखास मरत नाही, टेबल हायपोक्लोराइटने पूस आणि प्लेट टाकण्याआधी ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात) १२१ अंशांवर लाव. पुढचा फोटो कंट्रोलसकट पाठव.

तुझी
आई