"युनिट काय लिहिलंय?" विचारणाऱ्या पॉइझन सेंटरच्या ताईंना

ताई, नमस्कार. विषबाधेवर सल्ला विचारणारे कितीतरी डॉक्टरांचे फोन तुम्हाला रोज येत असतील, त्यातला माझा आठवत असेल की नाही माहीत नाही, पण माझ्या डोक्यातून ती रात्र जात नाहीये म्हणून लिहितेय. कॅनडातला माझा पहिलाच हिवाळा, बाहेर उणे २५, आणि इमर्जन्सीत अँटीफ्रीझ, म्हणजे गाडीच्या इंजिनात घालायचं न गोठणारं द्रव, प्यायलेला पेशंट. घरच्यांनी लवकर आणला होता, त्यामुळे नुसत्या संशयावरून फोमेपिझोल या अँटीडोटचा, म्हणजे विषावरच्या उताऱ्याचा, पहिला डोस, किलोला १५ मिलिग्रॅम, देऊन झाला होता. पहाटे तीनला इथिलीन ग्लायकॉलची, म्हणजे अँटीफ्रीझमधल्या विषाची, रक्तातली लेव्हल आली, १८. माझ्या डोक्यात पुण्यात पाठ केलेला आकडा २०, त्याच्या खाली असेल तर अँटीडोट चालू ठेवायची गरज नसते. मला एवढं हायसं वाटलं की बारा तासांनी द्यायचा दुसरा डोस कॅन्सल करूनच तुम्हाला फोन लावला, फक्त कळवायला म्हणून.

माझं आडनाव ऐकून तुम्ही मराठीत आलात आणि एवढंच विचारलंत, "युनिट काय लिहिलंय?"

रिपोर्ट परत बघितला. १८ च्या पुढे बारीक अक्षरात मिलिमोल पर लिटर. आणि माझे २० मिलिग्रॅम पर डेसिलिटरमधले! तुम्ही जराही आवाज न चढवता सांगितलंत, रेणुभार ६२ आहे ना, मग ६.२ ने गुण. जवळजवळ ११२ आले. म्हणजे माझे २० इथे फक्त ३.२, आणि पेशंट त्याच्या साडेपाच पट वर. पोटात खड्डा पडला माझ्या.

मग तुम्ही घाई न करता ताळा करायला लावलात. त्याच सँपलची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे रक्तात विरघळलेल्या कणांची एकूण मोजणी, ३१२. सोडियम १४० ची दुप्पट, त्यात ग्लुकोज ६ आणि युरिया ५, हिशोबाने झाले २९१, मोजलेल्यापेक्षा २१ कमी, म्हणजे गॅप २१. "मिलिमोलमध्ये असलं की गॅपशी सरळ ताडून बघता येतं, १८ पटतंय ना?" पटलं.

आणि उलट्या बाजूनेही सावध केलंत, त्याचा उपयोग मला पुढे महिन्याभरातच झाला. पेशंट उशिरा आला तर लिव्हरने ग्लायकॉलचं ग्लायकोलिक ॲसिड करून टाकलेलं असतं, लेव्हल अगदी थोडी, गॅपही उतरलेला, पण रक्तातलं आम्ल वाढून पीएच घसरत असतो आणि किडनीत ऑक्झलेटचे स्फटिक साचत असतात. काही ब्लड गॅस मशीनना हे ग्लायकोलिक ॲसिड, म्हणजे ग्लायकोलेट, लॅक्टेट नावाचं दुसरंच ॲसिड वाटतं, म्हणून तिथे लॅक्टेट भरमसाट आणि मेन लॅबमध्ये नॉर्मल. तसाच पेशंट आला, लेव्हल २ सुद्धा नव्हती, रक्तातलं आम्ल झेलणारा बायकार्ब उतरून ६, आणि मी लेव्हलकडे बघत न बसता डायलिसिससाठी नेफ्रोलॉजीला फोन केला.

तुमचा तो पहिला पेशंट पाचव्या दिवशी चालत घरी गेला, किडनी कशी चालतेय ते सांगणारं क्रिएटिनीन आला तेव्हा होतं तेवढंच. फोन ठेवताना तुम्ही विचारलं होतंत, "जेवलीस का गं?" मी हो म्हणाले. जेवले नव्हते, पण तुम्ही विचारलंत ना, फोन ठेवल्यावर आधी दुसऱ्या डोसची ऑर्डर परत लिहिली आणि मग डबा उघडला.