जवळ्याचा वास

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर मी 'जेवले' एवढेच सांगते आणि काय जेवले असे आईने विचारले की विषय बदलते, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे. सिंगापूरला आल्यावर पहिले सहा महिने मी वरण-भात आणि बाबांनी दिलेल्या मेतकुटावर काढले, हे तुम्हांला ठाऊक आहेच.

ते मोडले एका वासाने. एका रविवारी खालच्या मजल्यावरच्या मलय बाईंच्या (इथे त्यांना 'माक्चिक' म्हणतात, म्हणजे मावशीच) स्वयंपाकघरातून असा वास आला की मी जिन्यातच थबकले. क्षणभर वाटले, अलिबागला आजी तव्यावर जवळा भाजते आहे. त्या भाजत होत्या बेलाचान. आपल्या जवळ्याच्याच जातीची इवलीशी कोलंबी मीठ लावून वाळवतात, कुटून आंबवतात आणि तिच्या वड्या पाडतात. भाजलेला तुकडा लाल मिरच्यांबरोबर खलबत्त्यात वाटून वर लिंबू पिळले की सांबाल तयार होते. त्यांनी मला बसवून घेतले आणि मी तीनदा भात मागून घेतला.

आता जे सांगायला इतकी वर्षे लागली ते सांगते. सहावीत असताना 'मला मासे आवडत नाहीत' असे मी जाहीर केले होते, ते खोटे होते. त्या दिवशी डब्यात जवळ्याची चटणी होती, आणि डबा उघडताच शेजारच्या दोघी नाक दाबून दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. आई, तू काही विचारले नाहीस. पण घरात सुकट येणे बंद झाले आणि माझ्यापायी बाबांचेही ते सुटले. पुढे मीच त्या मुलींसारखी झाले. वसतिगृहात नागालँडच्या मैत्रिणीने आंबवलेल्या सोयाबीनची, अखुनीची, चटणी केली, तेव्हा खिडक्या उघडणारी पहिली मी होते.

त्या रविवारनंतर मात्र मी स्वतःला एक अट घातली, की वासावरून नाही म्हणायचे नाही. त्यासाठी हे शहर सोयीचे आहे. इथल्या फेरीवाल्यांना सरकारने 1970 च्या दशकात नळ-गटारांची सोय असलेल्या छपरांखाली आणायला सुरुवात केली, 1986 पर्यंत ते काम पुरे झाले, आणि 2020 मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला आपल्या वारशाच्या यादीत घेतले. एकाच छपराखाली हैनानी कोंबडी-भात, तमिळ थोसाई आणि लक्सा मिळतो. लक्सा म्हणजे नारळाच्या दुधातल्या रश्शात तांदळाच्या शेवया. त्याच्या वाटणात सुक्या मिरच्या, हळद, गवती चहाचा पांढरा दांडा आणि अर्थातच बेलाचान असते. आई, तुला ते वाटण चाखताक्षणी ओळखता येईल.

सर्वांत नवल वाटले ते बुआह केलुआकचे. ही बी मुळात विषारी असते. ती उकडून राखेत आणि मातीत सुमारे 40 दिवस पुरतात, मग कित्येक दिवस पाणी बदलत भिजवतात, तेव्हा आतला गर काळा, मऊ आणि खाण्याजोगा होतो. चिंचेच्या आंबट रश्शातल्या कोंबडीबरोबर तो चमच्याने कोरून खाताना मला सुरणाची खाज घालवायला आमसूल घालणारी तू आठवलीस. असले कुणाला सुचले असेल, आणि त्यासाठी किती जण आजारी पडले असतील!

दुरियन हे उग्र वासाचे फळ मात्र जमले नाही. बाबा, तुम्हांला तो फणसाचा भाऊ वाटेल, पण वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो भेंडी आणि कापसाच्या कुळातला आहे. मेट्रोत तो घेऊन जायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. तरी दोन घास खाल्ले. अट ती अट.

पुढच्या महिन्यात माक्चिक माझ्याकडे जेवायला येणार आहेत आणि मला त्यांना जवळ्याची चटणी करून घालायची आहे. आई, जवळा कोरडा भाजून मग तेल घालायचे की तेलातच परतायचा, आणि चिंच की आमसूल, हे पत्रातच लिहून कळव. फोनवर तू 'अंदाजाने' म्हणतेस आणि मला अंदाज नाही. बाबांसाठी सुकट मात्र आजच आणा.

तुमची,
धाकटी