रात्रपाळीच्या सिस्टर, मनापासून आभार

तुमचं नाव मला माहीत नाही, म्हणून असं जाहीर लिहिते आहे.

माझं नुकतंच जन्मलेलं बाळ रडत नाही, किती गुणी, असं सगळे म्हणत होते. तुम्ही मात्र दुपटं सोडून तळपाय हातात घेतलात. गार. अंग सैल, दूध ओढत नाही, मधूनच हात थरथरतायत. (रडणाऱ्या बाळाकडे कुणीही धावतं, न रडणाऱ्याला हात लावून बघणारी माणसं मला तरी कमीच दिसली.)

टाच टोचून थेंबभर रक्त घेतलंत. रक्तातली साखर ४५च्या (मिग्रॅ/डेसिली) खाली, म्हणजे फारच कमी. मग डॉक्टरांनी शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण) दिलं, वजनाच्या दर किलोला २ मिली, पाठोपाठ त्याचीच सलाईनसारखी थेंबथेंब धार, आणि अर्ध्या तासाने पुन्हा टाच. पण तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. छातीवर नजर ठेवून पूर्ण मिनिटभर श्वास मोजलेत, ते ६०च्या वर भरले, म्हणजे जास्तच जलद. "जंतुसंसर्गातही साखर उतरते, नुसती साखर देऊन भागायचं नाही," असं मला सांगत तुम्ही डॉक्टरांना परत बोलावलंत. कल्चरसाठी (रक्तात जंतू आहेत का ते बघायच्या तपासणीसाठी) रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता अँपिसिलिन, जेंटामायसिन ही अँटिबायोटिक्स सुरू झाली.

बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरवरचं तापमान सारखं तपासणाऱ्या मदतनीस मावशी, अपरात्री नमुना घेऊन धावलेला लॅबमधला मुलगा, आणि बाळ ओढेना तेव्हा दूध पिळून वाटी-चमच्याने कसं पाजायचं ते न चिडता पुन्हापुन्हा दाखवणाऱ्या ताई, तुम्हा सर्वांची मी ऋणी आहे.